दोन ते साडेचार

दोनला लाइट जाते. पट्टा आणखी चार-पाच फेरे
आपल्याच गुर्मीत फिरतो, मग थांबतो.
कळंब रोडच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत ही चक्की,
आणि डब्यांची रांग: पितळी, प्लास्टिकचे,
एक रंगाची बादली, धुऊनही तिच्यावरचं 'आकाशी' वाचता येतं.
माणसं डब्यांमागे बसतात. साडेचारपर्यंत
बोलण्याखेरीज करायला काही नसतं.

आधी नुसती भांडणं व्हायची.
एकदा शालिक भोयरनं कुणाच्या तरी डब्याला लाथ मारली,
ज्वारी पार नालीपर्यंत गेली.
ती वेचता वेचता पंचफुला मेश्राम म्हणाली,
"आता असं करू. समोरच्याचं म्हननं आधी
आपल्या तोंडानं सांगाचं.
तो 'हो, हेच' म्हनला, तवाच आपलं काढाचं."
शालिक हसला. मग तोही वेचायला बसला.

नियम सोपा वाटतो. करून पाहा.
दुसऱ्याचं म्हणणं तोंडात घेतलं की
त्याला आपली थुंकी लागतेच.
शालिकला चारदा "नाई, असं नाई" ऐकावं लागलं.
पाचव्यांदा "हो, हेच" आलं, तोवर
आपलं काय होतं ते तो विसरला होता.

फेब्रुवारीत काट्याची गोष्ट निघाली.
माझ्यामुळेच निघाली. रेशनचे गहू
दुकानातून थेट माझ्याकडे येतात, मी पुन्हा जोखतो:
वीस किलोला चारशे ग्रॅम कमी. दर घराचे.
बळीराम ढोक काटा मारतो, मी म्हणालो.
तो स्वतः आपला डबा घेऊन
रांगेत शेवटी बसला होता, मला दिसला नव्हता.

उठला नाही. ओरडला नाही.
"मनकर्णाबाईचा अंगठा मशीन घेत नाई.
साठ वर्सं कापूस वेचून रेघाच उरल्या नाई बोटाले.
तीन अर्ज केले. तवर का उपाशी बसन ते?
तुमचे चारशे-चारशे ग्रॅम तिच्या घरी जातात."
थोडा थांबला. "सगळेच नाई.
किलो-दोन किलो माह्याही घरी गेले असन."

"आता आमचं सांग," पंचफुला म्हणाली.
त्यानं सांगितलं, आमच्यापेक्षा चांगलं:
"द्याचं त आपल्या डब्यातलं द्यावं.
दुसऱ्याच्या डब्यातलं न पुसता देल्लं त ते चोरीच,
मंग ते कोनाच्याही पोटात जावो."
"हो, हेच," आम्ही म्हणालो, जरा उशिराच.

"मंग मले सांगा. पुसलं असतं, त देल्लं असतं?"
पोलीस भरतीवाला हर्षल "हो" म्हणाला,
त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं,
आणि त्यानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

दाराशी पोत्यावर मनकर्णाबाई होती.
दोन किलोचं दळण, फडक्यात.
ती तिथं आहे हे ठाऊक असूनच
आम्ही तासभर तिच्याविषयी बोलत होतो.
"आठ महिने खाल्लं म्या," ती म्हणाली.
"चोरीचं हाय हे मले कोनी सांगतलं?
खाव का नाई, हा इचार माहा होता.
अंगठा गेला. तोंड हाय ना माह्याकडं."

बल्ब लागला. माझा हात खटक्यावर.
चालू कर, असं कोणी म्हणेना.

त्या दिवशी काही ठरलं नाही.
तहसीलला तिच्यासोबत कोण जाईल, यावरच
दोन मतं पडली, आणि दळणं अंधारापर्यंत चालली.

रात्री शटर ओढून मी शाळेतली वजनं आणून
माझाच काटा तपासला.
पाच किलोला तीस ग्रॅम जास्त दाखवतो.
दळणाचे पैसे मी त्यावरच घेतो.
कधीपासून, माहीत नाही.
माहीत नाही, हे खरं का, तेही पाहावं लागेल.

उद्या दोनला लाइट जाईल.
आधी त्यांचं म्हणणं मला माझ्या तोंडानं सांगायचंय.
मघापासून तेच बोलून पाहतोय, पिठाच्या उजेडात,
आणि "हो, हेच" म्हणायला इथं कोणी नाही.