गाडीवाटेनं

इरबा भोई म्हणाला,
घाई असंल तर मोटारबोटवाल्याकडं जा.
घाई नव्हती.
माझ्याकडे सुटीचे तीन दिवस होते,
जिंतूरहून बांधून आणलेल्या भाकरी, कोरडा ठेचा,
आणि समोर येलदरीचं पाणी.

पहिलं बेट हाकेवर.
सरळ गेलो असतो तर वीस मिनिटं.
पण होडी डावीकडे वळली,
लांबचा वळसा घेऊन पुन्हा उजवीकडे,
जिथं पाण्याशिवाय काहीच नव्हतं तिथं
काटकोनात.
कामून? मी विचारलं.
वल्हं न थांबवता तो म्हणाला,
खाली घुग्यांचं रान हाये.
लोकाच्या पिकातून नाव घालू नाही.

घुगे परभणीत टायर विकतात आता.

बेटांना त्याच्याकडे नावं होती.
गिरणी. म्हसोबाचा माळ.
एक नुसतंच वरचं घर.
गिरणीवर पाणकावळे
पंख वाळत घालून बसलेले,
दळणाला नंबर लावल्यासारखे.
काठाला बेशरम, वेडी बाभळ, शिंपल्यांचा चुरा,
आणि उतरत गेलेल्या पाण्यानं
दगडावर आठवड्याआठवड्यानं ओढलेल्या रेघा.

दुसऱ्या दिवशी कडूबाई चढली,
पाच शेळ्या घेऊन. बेटावर चारा बरा असतो,
लांडग्याला पोहायचा कंटाळा.
बचत गटाच्या सहलीत तिनं समुद्र पाहिलाय.
कसा होता?
लई पाणी. पण पल्याडचं गाव कोणतं
तेच कुणी सांगंना.
मंग म्या चहा प्यायला गेले.

रात्री वरच्या घरावर झोपलो.
घर नव्हतं. तीन दगड,
त्यातल्या एकावर इरबानं चिलाप्या भाजल्या
आणि काटे पाण्यात टाकले, मोजल्यासारखे.
तेव्हा कळलं,
धरण भरल्यावर आठ वर्षांनी जन्मला तो.
त्यानं पाहिलेलं नाही यातलं काही.
बाप होडीत पुढे बसून सांगायचा,
हितं चावडी, हितं आड, आडाला उजवी घाल.

तिसऱ्या दिवशी परतताना
ऊन पाठीवर, पाणी शिळं, गप्प.
एके ठिकाणी इरबानं बोलता बोलता
मान खाली घातली, पुन्हा वर केली.
मी पाहत राहिलो.
लिंबाची फांदी, तो म्हणाला,
गाडीवर बसल्यालं लागती.

आमच्या खाली निदान चाळीस हात पाणी असेल.
पुढच्या वळणावर त्यानं काही सांगायच्या आत
मी वाकलो.
तिथं काहीच नव्हतं म्हणे.
तो हसला, आणि होडी
थोडी बाजूनं घेतली.