मूळचा कुठला

सिलेवाड्याच्या खाणीतला वाळूखडक,
फिरतूरामने फोडून दिलेला,
कुटला, चाळला, धुतला.
उरले चिमूटभर झिरकॉन.

सेमिनरी हिल्सवर कूलरची घरघर,
सुईच्या टोकावर एकेक कण.
लेझरने टोचलं की वय सांगतो:
युरेनियम किती उरलं,
शिसं किती झालं.

एकशे बारा कण,
झिजून गेलेले तीन डोंगर.
आणि एकटाच एक,
अडीचशे कोटी वर्षांचा,
कुणाशीच न जुळणारा.
त्याला मी दोनदा मोजला.

फिरतूरामला फोन केला:
रेती इथली नाही रे,
नदीने आणलीय, पूर्वेकडून.

"मंग माह्यावानीच हाय जी,"
तो हसला.
"पन त्याले आता
कामठीचाच म्हनता ना?"

नकाशा उघडला.
पिवळ्या पट्ट्यावर लिहिलं होतं:
कामठी.