नगराचा चार्ज

तस्नीम, माझी बदली किनवटला झाली.
मोजणी ऑफिसातली खुर्ची सोमवारी कुणीतरी घेईल,
तिची चिंता नाही.
तळवेस नगराचा चार्ज मात्र तुलाच देतो,
कारण खेळात तूच एकटी
दार उघडायच्या आधी दाराला हात लावून बघायचीस
ऊन आहे का गार.

ही वही. दोनशे पानी, एकशे बारा भरलेली.
मेडिकलवरच्या तुझ्या चिठ्ठ्यांपेक्षा माझं अक्षर बरं आहे.
नकाशा मागच्या कव्हरात, ऑफिसच्याच ट्रेसिंग पेपरवर,
ते कुठं बोलू नकोस.

नगर बारवेत आहे, हे आधी सांगायचं नाही.
भर दुपारी त्यांना वरच्या वेशीत आण,
जकातवाल्यापुढं ताटकळत ठेव,
मग दाखव पायऱ्या,
पायरीगणिक एक गल्ली,
आणि पार तळाला रुपयाएवढं पाणी.
श्रीमंत खाली राहतात. गरीब उन्हात.
पाणी आटलं की नवी पायरी उघडी पडते,
तिच्यावर आधीपासून घरं असतात, चुली पेटलेल्या,
आणि तिथली माणसं विचारतात,
एवढा उशीर काहून केला?

आपल्या जुन्या दप्तरात फसली साल असतं
तशी इथली सालं पायऱ्यांनी मोजतात.
सध्या एकेचाळिसावी चालू.

चतुःसीमा:
पूर्वेस रंगाऱ्यांची आळी, तिथं सावल्या रंगवून मिळतात.
पश्चिमेस पारव्यांचा बाजार.
उत्तरेस भावांची भिंत.
ती मी खरी उचलली आहे.
जिंतूर रोडचे दोघं, बांध हातभर, मोजणी तीनदा.
तिसऱ्या वेळी साखळीचं दुसरं टोक धरायला
धाकट्याची पोरगी आली, शाळेच्या ड्रेसवर,
आणि थोरल्यानं तिला टोपी दिली ऊन लागतंय म्हणून,
आणि सही मात्र केली नाही.
तळवेसमध्ये ही भिंत रोज रात्री बोटभर सरकते.
सम आला तर थोरल्याकडं, विषम आला तर धाकट्याकडं,
वीस आला तर त्या रात्री भिंतच नसते.
तीन वर्षांत एकदाच आला वीस.
संघपाल तेव्हा पाणी प्यायला गेला होता.

सगळं लिहून ठेवू नकोस.
मी पहिल्या वर्षी तेलाचे भावसुद्धा लिहिले होते,
राजांची वंशावळ, नऊ पिढ्या, कुणी विचारली नाही.
रेवणसिद्धनं काय विचारलं?
जकातवाला खातो काय.
मी गप्प. मुजीबच्या दुकानात, सायकलींच्या वर,
शटर अर्धं ओढलेलं, फासा माझ्या मुठीत.
म्हणलं, सुशीला.
मुरमुरे जरा जास्तच भिजलेले, रोजच्यासारखे.
तर हा, गल्ला मारायला आलेला,
सुरी म्यान करून त्याच्याशेजारी बसला आणि अर्धी प्लेट खाल्ली.
त्या दिवसापर्यंत तळवेस माझं होतं.

फाशाचा एक कोपरा उडालाय.
चौदा जरा जास्त पडतो. नवा आणू नकोस,
नगराला सवय झाली आहे.

दक्षिणेस काय, ते लिहिलेलं नाही.
तिथं एक दार काढलंय फक्त, कडी बाहेरून.
चार वेळा ते त्याच्यापाशी गेले,
चारही वेळा मी म्हणालो, आज उशीर झाला, पुढच्या रविवारी.
खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं.
तुलाही माहीत नसेल. हात लावून बघ.

आणि एक.
वरच्या वेशीतला तो जकातवाला,
त्याला नाव दिलेलं नाही, देऊ पण नकोस.
माणसं वाकडीतिकडी आत शिरताना
तो साखळीनं वेशीची रुंदी मोजत असतो, उगीच,
रोज तेवढीच भरते.
कधीमधी त्याला एखादं वाक्य दे.
मोठं नको. "जपून, पायरी ओली आहे," एवढं पुरे.

किल्ली मुजीबकडं आहे. रविवारी पंखा बंद करून जा.