चढायला एकच जिना

वादळ गेलं तेव्हा
बिलॉक्सीच्या टोकाला, याकोवच्या खानावळीच्या
पाच पायऱ्या उरल्या. वर काही नाही.
सतरा वर्षं त्यांच्यावर पोरं बसायची, कुत्री बसायची.
एकदा मीही बसले, औषधं घेऊन येताना,
आणि उगाच मागं वळून बघितलं,
जणू आतून कुणी ओरडणार आहे,
'लुवेनिया, दोन डझन, सहा नंबर!'

माझी सुरी मात्र वाचली.
आखूड, बोथट टोकाची, मूठ अंगठ्यापाशी झिजलेली.
घर सोडताना लोकांनी कागदपत्रं घेतली, फोटो घेतले,
मी हिला पर्समध्ये टाकलं.
नवरा म्हणाला, ह्यूस्टनला कोण बसलंय
तुझ्या हातची कालवं खायला?
खरं होतं. आठ महिने तिथं मी
हिनं बटाट्यांचे डोळे काढले.

मग येनचा फोन आला.
कोळंबीवाल्या खोआतची पोरगी.
बाप मागच्या दाराशी टोपल्या उतरवायचा,
पैसे दोनदा मोजायचा, हसायचा नाही,
ही पालथ्या टोपलीवर बसून पाढे म्हणायची.
तिनं जागा घेतली. कर्ज काढून.
याकोवच्या तोंकानं गॅरेजमधून पाटी आणून दिली,
पहिलं अक्षर चिखलात गेलेलं.
येन म्हणाली, तशीच लावू,
गेलेलं अक्षर सगळ्यांना पाठ आहे.

दुधातला रस्सा कसा करायचा, ते तोंकालाही ठाऊक नाही.
बापानं कुणालाच सांगितलं नव्हतं.
पण तेहतीस वर्षं मी चुलीकडे पाठ करून उभी होते,
आणि पाठीला ऐकू येतं:
लोणी कधी चुरचुरतं, दूध कधी पडतं,
कधी तो शिवी हासडून आणखी मिरी घालतो.
मी सांगत गेले, येन करत गेली.
शेवटी तिनं हळूच, बापाच्या बाटलीतला,
माशाच्या खारवणीचा थेंब टाकला.
मी बघितलं नाही.
(चव कशी झाली ते सांगणार नाही. याकोव वर बसलाय.)

कालवं आली ट्रकनं, टेक्सासहून.
आपल्या खाडीत आता कुठली?
नदीचं गोडं पाणी सोडलं त्या वर्षी
सगळा थर आ वासून मेला.
बिजागरीत सुरी घातली. मनगट आपोआप वळलं.
चाखलं. चांगलं होतं.
त्याचंच वाईट वाटलं.

आई माझी मागच्या दारानं यायची, तेव्हा कायदाच तसा.
कायदा गेला, मी मागूनच येत राहिले, सवयीनं,
आणि पुढून ये असं कुणी म्हटलंही नाही.
उघडायच्या दिवशी चार वाजता आले
आणि इमारतीला वळसा घातला.
पुन्हा एकदा घातला.
मागं कचऱ्याचे डबे, गॅसच्या टाक्या,
आग लागली तर उतरायची लोखंडी शिडी.
विमा कंपनीच्या हुकमानं सगळं खांबांवर उभं,
चढायला जिना एकच. पुढून. रस्त्याकडे तोंड करून.
बावीस पायऱ्या, खालच्या पाच जुन्या.
सहावीवर थांबले. गुडघ्यामुळे, असं म्हणू.
खाली खोआत उभा होता, टोपली खांद्यावर,
तोही मागचं दार शोधून आलेला.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
तेव्हा पहिल्यांदा तो हसला. दात कमी झालेत.

पावणेआठला डेलरॉय बादली घेऊन आला.
खाडीत पिंजरे टाकून वाढवतो म्हणे.
चौदा नग, अंगठ्याएवढे.
येन म्हणाली, ही विकायची नाहीत.
एक तोंकानं घेतलं, एक खोआतनं,
एक मी फोडलं, खिडकीपाशी,
जिथं आता माझी जागा आहे, लोकांना दिसेल अशी.
खारट. आपलं खारट.
शिंपला बादलीत टाकायचा, तो खिशात गेला.

सहा नंबरवाला केव्हाचा हात वर करून बसला होता.