चाळणी

तिब्लिसीत वीज रात्री दोनला येते, कधी येतच नाही.
माझा ओतिया ट्रॉलीबस दुरुस्त करायचा.
आता तारांत करंट नाही, बसेस रस्त्यातच
जिथल्या तिथे गारठून उभ्या,
आणि दुरुस्त करण्यासारखं काही उरलंय
तर ती तीन लिटरच्या बरणीतली एक गप्पी.

मोठी टाकी नोव्हेंबरातच गेली.
सकाळी नर सगळे वर तरंगत होते,
शेपट्या मात्र तशाच नारिंगी,
लग्नाला निघाल्यासारख्या.
ही एकटी तळाशी धापा टाकत राहिली.
त्यानं तिला लोणच्याच्या बरणीत घातलं,
बरणी शालीत गुंडाळली.
माझ्या शालीत. विचारलं नाही.

"हिला दिवस गेलेत," म्हणाला.
कोणाचे? सगळे तर मेले.
तर म्हणे हिच्या जातीत एकदा ठेव मिळाली
की ती महिनोन्‌महिने पुरवून वापरतात,
नवरा हवाच असं नाही.
शहाणी आहे, मी म्हटलं.

मग सुरू झालं बाळंतपण.
रॉकेलच्या स्टोव्हवर आधी तिचं पाणी, मग आमचा चहा.
थेंब मनगटावर टाकून बघायचा,
लेकाची दुधाची बाटली त्यानं एकदाही
अशी बघितली नव्हती.
बरणीशेजारी गरम पाण्याची बाटली, पाय शेकायची,
आमची एकुलती एक.
रात्री माझे पाय बर्फ, आणि ती आत
निवांत वळसे घेत असायची.

शेपटीच्या मुळाशी डाग असतो.
आधी पातळ चहासारखा, मग दाट,
मग पोट चौकोनी होतं, खोक्यासारखं.
एका रात्री म्हणाला, गुलिको, मेणबत्ती मागून धर.
धरली.
कातडीच्या आड डोळे होते.
डोळेच डोळे, खसखशीएवढे,
अजून जन्मायचे होते आणि बघत होते
आमची खोली,
उखडलेली लाकडी जमीन
पट्टी-पट्टीनं शेगडीत जाताना.

तेव्हा त्याला माझी चाळणी हवी झाली.
पातेल्यात चाळणी, चाळणीत ती.
पिल्लं भोकांतून खाली निसटतील, आई वरच राहील,
नाहीतर खाते.
आपलीच?
आपलीच. भूक असते असं नाही,
काही हलताना दिसलं की तोंड उघडतं.
मी पुढं विचारलं नाही.
दोन हिवाळ्यांपूर्वी याच शहरात
ह्या चौकानं त्या चौकावर गोळ्या झाडल्या होत्या.

पहाटे चारला मी पावाच्या रांगेत गेले.
सातला परतले तर हा खुर्चीत झोपलेला,
हात पातेल्याला लावून,
आणि तळाशी
पापणीचे केस गळून पडावेत तसं काहीतरी
उसळ्या मारत होतं.
मोजले. सतरा. परत मोजले, एकोणीस.
परत मोजले नाहीत.

अंडं लामारानं दिलं, तिचं कुलूप त्यानं बसवलं होतं म्हणून.
पिवळं जुन्या मोज्यातून गाळून
सुईच्या टोकावर येईल तेवढंच पाण्यात,
जास्त झालं तर पाणी नासतं.
पांढरं आम्ही अर्धं-अर्धं खाल्लं.
उरलेलं पिवळं खिडकीत ठेवलं, बाहेरच्या थंडीत,
आणि मी दिवसभर त्या खिडकीकडे पाठ करून बसले.

दोन मेली. एक दिसेनाशी झाली.
तिसऱ्या रात्री वीज आली,
अख्खी इमारत धावली, कोणी इस्त्रीकडे, कोणी रेडिओकडे,
रिकामा फ्रीज घुरघुरायला लागला.
ओतिया हीटर घेऊन टाकीत वाकला,
लेकाचं पत्र आलं तेव्हाही
त्याचे हात असे थरथरले नव्हते.

मी ती उचलून परत बरणीत सोडली.
रिकामी दिसत होती, पोट आत गेलेलं,
तरी मुळाशी डाग होता. फिकट.
मग चाळणी घासली,
भोक न्‌ भोक,
आणि खिळ्याला लावली.
मॅकरोनी घरात ऑक्टोबरपासून नव्हती.