अकराव्या मैलावर

टाकी मीच बांधली, हे आधी सांगून टाकतो.
एकावन्न सालच्या शेवरलेच्या पोटात बसेल अशी,
बिनगंजाचा पत्रा, आत तीन आडव्या भिंती,
वळणावर पेट्रोल हिंदकळू नये म्हणून.
सांध्यांना असा डाग दिला होता
की डेल्फिनानं त्यावरून अंगठा फिरवला,
म्हणाली, याला रंग नको देऊस, एल्युतेरिओ.

झाकण तिनं आणलं. आरशासारखं,
पत्र्याशी सपाट, खाली रबराची चकती.
हवा जाईल तर शपथ.
मीही कौतुकच केलं.

मग गाडी अकरा मैल चालायची.
एस्पान्योलापासून मोजून अकरा. त्रुचासच्या चढावर,
गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी गज घातलेत,
तिथं एक आचका, दुसरा, आणि गप्प.
पंधरा मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नाही.

सगळं गाव वैद्य झालं.
कार्बोरेटर, म्हणाला पंपावरचा फिदेन्सियो.
कॉइल, म्हणाले शाळेच्या बसवरचे तिचे जुने सोबती.
तिनं पंप बदलला. दोनदा.
कुणी म्हणालं, बेलार्मिनोलाच
ही गाडी पुरी व्हायला नको असेल.
भाऊ तिचा. सांगाडा त्यानं आणला होता,
आणि चाकं बसायच्या आत गेला.
ती हसली नाही त्यावर.

मी काही बोललो नाही. माझी टाकी गळत नव्हती.
गळत नाही ती टाकी चांगली,
एवढंच मला चाळीस वर्षं ठाऊक.

ऑक्टोबरात मी शेजारी बसलो.
अकराव्या मैलावर आचका.
किती उरलंय बघू, म्हणून तिनं झाकण पिळलं.
निघेना. दोन्ही हातांनी पिळलं,
आणि आवाज आला.

बाहेर सुटलेला नव्हे.
आत ओढलेला.
लांब, बुडता माणूस पाण्यावर तोंड काढतो तसा,
मग आत बसलेला पत्रा डुब्ब करून मागं आला.
ती माझ्याकडे पाहत होती. मी रस्त्याकडे.
जेवढं बाहेर जातं तेवढं काहीतरी आत यावं लागतं;
कॉफीच्या किटलीच्या झाकणालाही भोक असतं,
बायको रोज सकाळी ती माझ्यासमोर ठेवते.

टाकी उतरवली. साबणानं धुतली, तीनदा,
मग गळ्यापर्यंत पाणी भरलं.
वाफेला जागा ठेवून जाळ लावणारे
माझ्या ओळखीचे दोघे आता नाहीत.
वरच्या कोपऱ्यात भोक, करंगळी जाणार नाही एवढं.
नळी टाकीच्या तोंडाच्याही वर चढवली, एक वळसा,
मग चॅसीच्या आतून खाली, टोक जमिनीकडे.
गाडी उलटली तर मिटेल अशी गोळीची झडप.
टोकाला जाळी, कारण इथल्या कुंभारणी
तोंडात चिखल घेऊन
कुठलीही मोकळी नळी शोधत असतात.

नवा डाग जुन्याइतका सुबक आला नाही.
दिसतो.
तिनं त्यावरूनही अंगठा फिरवला,
रंगाबद्दल काही म्हणाली नाही.
पैसे विचारले. मी मान हलवली.

आता ती त्रुचासला जाऊन येते, थेट.
गजांवर चाकं खडखडतात तेवढीच.
कधी मी सोबत असतो. तिथं आलं
की तिचा पाय आपोआप उचलला जातो,
गाडी जरा रेंगाळते.
परवा म्हणाली,
इथं पंधरा मिनिटं मिळायची मला.

मी माझ्या बाजूची काच खाली केली.