एका धुराड्याचं घर

धुराडं एकच आहे. भांडण तिथूनच सुरू झालं.
एका नळीत दोन आगी चालत नाहीत,
फिटर म्हणाला, आणि टेप गुंडाळून
कॉफीची वाट बघत बसला.

कार्नियातल्या आमच्या दरीत
नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो
तो फेब्रुवारीतच उंबऱ्यावर पाय टेकतो.
मधले दिवस आम्ही लाकडावर काढतो.
म्हणजे एर्मेस काढतो. मी मोजते.

बीचचं लाकूड, दोन उन्हाळे वाळलेलं,
वर्षाला बारा घनमीटर.
फोडायचं, रचायचं, साल वरच्या अंगाला,
टोपलीने आत आणायचं,
राख होऊन बादलीने बाहेर.
त्याचा उजवा खांदा उदिनेच्या इस्पितळात
दोनदा उसवून शिवलाय.
आता शर्टाची बाही चढवताना
तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो,
मला वाटावं, बाहेर बघतोय.
त्या भिंतीला खिडकी नाही.

लुचिल्लाने हिशेब कागदावर मांडला.
पेलेटचं पोतं पंधरा किलोचं,
दिवसाला एक, थंडी चावरी असली तर दीड.
बटण दाबलं की मळसूत्र फिरतं, गोळ्या पडतात,
सकाळी सहाला आपोआप पेटतं,
"तू अंथरुणात असतानाच, आई."
पोरगी खोटं बोलत नव्हती.
अठ्ठेचाळीस हिवाळे मी गार फरशीवर
गुडघे टेकून निखारे फुंकलेत,
आणि त्यात काही सुंदर आहे असं
फक्त उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं.

एर्मेसने मूठभर गोळ्या घेतल्या, हुंगल्या.
"कोंबड्यांचं खाद्य."
मग एक दाताखाली फोडली,
आणि जरा वेळाने म्हणाला, "स्प्रूस आहे."
असेल, फिटर म्हणाला, वादळातलं असेल,
अख्खा उतार झोपला होता ना तेव्हा.

त्या उतारावर आमची तीनशे झाडं होती,
सासऱ्यांनी लावलेली.
मिळेल त्या भावाला दिली.
ट्रक गेले त्या दिवशी हा कोठारात
विळ्याला धार लावत बसला होता,
गवत नसलेल्या महिन्यात.

"म्हणजे आपलंच आपण विकत घ्यायचं.
प्लास्टिकच्या पोत्यात."

कुणी काही बोललं नाही.
मी विचारलं, वीज गेली तर?
तर बंद, फिटर म्हणाला. आवाजही न करता.
आणि वीज जाते कधी?
बर्फ ओला, जड पडतो तेव्हा.
म्हणजे नेमकी तेव्हाच.
स्वयंपाकघरातला श्पोलेर्ट
हे सगळं ऐकत होता, त्याच्या पितळी दांड्यावर
माझे पायमोजे वाळत होते.
कॅटलॉगमधला फोटो लालभडक होता,
त्यावर एक मांजर झोपलं होतं.
आमचं मांजर फोटोवरच येऊन बसलं.

दातांच्या पुलासाठी ठेवलेले पैसे
साखरेच्या डब्यात होते.
मी ते टेबलावर ओतले
आणि म्हणाले, दुसरं भोक पाडा.
भिंतीतून नळी बाहेर काढा, बाहेरून वर न्या.
श्पोलेर्टला हात लावायचा नाही.
लाकूड यापुढे चार घनमीटर, फोडून आणलेलं.
बाकी तुमच्या कोंबड्यांचं खाद्य.
एर्मेसची एकच अट:
रचणार मी. डाव्या हाताने का होईना.

दगडाची भिंत, दोन वीत जाड.
दिवसभर धूळ, पाण्याचा लोट, यंत्राची किंकाळी.
संध्याकाळी कळलं, नळीचा एक सांधा
चुकीच्या मापाचा आलाय, आता सोमवारी.
भोकात चिंधी कोंबून माणसं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुंकर मारत होते.
एर्मेस भिंतीकडे तोंड करून बाही चढवत होता.
चिंधी त्याने काढली होती.
बशीएवढं भोक, आणि गार वारा
सरळ त्याच्या कपाळावर.
चिडेन असं वाटलं, पण धूर नीट ओढला जाऊ लागला होता.

"बर्फ येतोय," तो म्हणाला,
एक हात बाहीत, एक बाहेर.
"बघ तरी, नीवेस."
मी उठले. गुडघे वाजले.
त्याने डोकं जरासं बाजूला घेतलं.